पावसाळ्यातील गवत आणि गासडीचे वजन

पालघर जिल्ह्यातील एका वखारीकडून गेली दोन वर्षे मी माझ्या दोन घोड्यांसाठी वाळलेले गवत मागवत आहे. गाडी आमच्या मुंबईतील तबेल्यापर्यंत आणून देण्याची बोली आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत येणारा माल उत्तम असतो. लांब काडीचे, हिरवट झाक टिकलेले आणि गोड वासाचे असे गवत मला मुंबईत दुसरीकडे मिळालेले नाही.

होळीनंतर मात्र चित्र पालटते. हे गवत पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापले जाते आणि त्याच साठ्यावर पुढचे वर्ष काढायचे असते. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला की माल काळवंडतो, म्हशींचे तबेलेही त्याच वखारींवर अवलंबून असतात, आणि दुष्काळाच्या वर्षी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यावर काही जिल्ह्यांत बंदी येते. त्यामुळे उन्हाळ्यात दर चढले, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दर न चढवता गासडी हलकी करण्याबद्दल. मार्चमध्ये सुमारे ३० किलो भरणारी गासडी मेअखेरीस त्याच पैशांत २४ किलोंची निघाली. चारशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला किमान सहा किलो सुका चारा लागतो. म्हणजे दोन घोड्यांना अडीच दिवस पुरणारी गासडी दोन दिवसांत संपू लागली. किलोमागे ही सव्वापट भाववाढच होती, फक्त ती बिलावर दिसत नव्हती.

जुलैत याच्या उलट घडले. गासडी ३३ किलोंची भरली म्हणून मला बरे वाटले, पण मोतद्दाराने ती फोडून हात आत घातला आणि म्हणाला, ‘साहेब, आतून गरम आहे, हे घोड्यापुढे टाकायचं नाही.’ आत पांढरी बुरशी धरली होती. वजन वाढले होते ते पाण्याने. बुरशीच्या धुळीने घोड्याची छाती धरते, आणि घोड्याला उलटी करता येत नसल्यामुळे पोटात गेलेले वाईट अन्न बाहेर पडायला वाटच नसते. वखारवाल्यांनी वाद न घालता माल बदलून दिला, हे नोंदवले पाहिजे. पण त्याला तीन दिवस लागले. तेवढ्यात शेजारच्या म्हशींच्या तबेल्यातून भाताचा पेंढा आणावा लागला आणि माझ्या घोडीचे पोट दुखू लागले. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत थोडाथोडा बदलावा लागतो, हे ठाऊक असूनही माझ्यापुढे पर्याय नव्हता. डॉक्टर येईपर्यंत ती वळून वळून आपल्या कुशीकडे पाहत होती, ते मी विसरू शकत नाही.

यंदा मी किलोवर दर ठरवण्याची अट घातली आणि ती त्यांनी मान्य केली. मार्चमध्ये आगाऊ पैसे घेऊन पावसाळ्याचा माल कोरड्या जागेत राखून ठेवण्याची जबाबदारी मात्र त्यांनी घेतली नाही. रेसचे घोडे पावसाळी हंगामासाठी पुण्याला जातात. आमचे घोडे मुंबईच्या दमट हवेतच राहतात, म्हणून ही उणीव मला फार मोठी वाटते. दिवाळी ते मे या काळासाठी ही वखार मी निःशंकपणे सुचवीन. जून ते सप्टेंबरचा साठा मात्र मेमध्येच आणून, जमिनीपासून उंच फळ्यांवर, हवा खेळेल असा रचून ठेवावा. पावसात गाडी मागवावीच लागली, तर ताणकाट्यावर वजन झाल्यावर चालकासमोर एक गासडी फोडून हात कोपरापर्यंत आत घालावा, आणि ऊब लागली तर गाडी उतरवून घेऊ नये.