पाण्याच्या होलात दारू भरताना: पंप आणि लायनर, ८ महिन्यांच्या वापरानंतर

मी कोल्हापूरजवळ टोप गावाच्या बाजूला एका काळ्या दगडाच्या खाणीवर ब्लास्टिंगचं काम बघतो. आमच्यात अजून होलात (दगडात ड्रिलनं पाडलेल्या भोकात) स्फोटकं भरण्याला दारू भरणं आणि स्फोट करण्याला बार देणं असंच बोलतात, म्हणून इथं पण तेच शब्द येतील. मागच्या जूनमध्ये मालकांच्या मागं लागून दोन वस्तू घेतल्या, होलमधलं पाणी काढायला तीन इंची सबमर्सिबल पंप आणि होलात सोडायच्या प्लास्टिक लायनरचे (लांब नळीसारख्या पिशवीचे) रोल. जून ते जानेवारी वापरलं, म्हणजे सगळा पावसाळा आणि नंतर दगडातले झरे आटेपर्यंतचे दिवस. घ्यायच्या आधी मी लय जणांना विचारलं पण सहा-आठ महिने वापरून बोलणारा एकही भेटला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आमची अडचण काय ते सांगतो. आमची होलं ११० एमएमची आणि साधारण ६ मीटर खोल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की आमच्या बेंचवर, म्हणजे खाणीतल्या पायरीसारख्या सपाटीवर, कोरडं होल शोधून सापडत नाही. आणि आपल्या दगडाची गंमत अशी की पाणी नुसतं वरून पडलेलं नसतं, दोन थरांच्या मधी जो तांबड्या मातीचा पट्टा लागतो ना, त्याच्या वर पाणी अडतं आणि ड्रिल तिथं पोचलं की होलात बाजूनं झिरपायला लागतं. हे पुढं महत्त्वाचं आहे.

एन्फो म्हणजे अमोनियम नायट्रेट आणि डिझेल, ९४ ला ६ असं प्रमाण, हा स्वस्त आणि कोरड्या होलात उत्तम माल. पण नायट्रेट पाण्यात मिठापेक्षा कितीतरी जास्त विरघळतं, त्यामुळं ओल्या होलात एन्फोचा भरवसा शून्य. कोरडं ठेवायचं असलं तर पाणी काढा, मग लायनर सोडा, मग त्यात माल ओता, ही एवढीच या दोन वस्तूंमागची कल्पना.

पंप. ११० एमएमच्या होलात एक मीटर पाणी म्हणजे साडेनऊ लिटर, चार मीटर भरलं असलं तरी चाळीस लिटरच्या आत, पंप ते बघता बघता उपसतो. पूर्वी आम्ही कॉम्प्रेसरचा पाईप खाली सोडून हवेनं पाणी उडवायचो, त्यात चिखल आणि खडे तोंडावर यायचे, एकदा तर एका पोराचा डोळा थोडक्यात वाचला, ते सगळं बंद झालं यासाठीच मी पंपाला पैकीच्या पैकी मार्क देईन. खराब बाजू म्हणजे बुडाला ड्रिलची भुकटी बसलेली असते, ती ओढून पंप जाम होतो. आमचे इम्पेलर, म्हणजे पंपातली पाणी ढकलणारी फिरती चकती, दोनदा बदलले. मग पंप बुडापासून वीतभर वर टांगायला लागलो, तळाचं थोडं पाणी राहतं पण पंप टिकतो.

एक गोष्ट इथंच सांगतो कारण मी दुसऱ्या एका खाणीवर उलटं बघितलंय आणि बघून पोटात गोळा आला होता. पंप, केबल, जनरेटर हे सगळं बेंचवरून खाली गेल्याशिवाय दारूची गाडी वर येऊ द्यायची नाही. एका होलात पाणी उपसणं चाललंय आणि शेजारच्या होलात दारूच्या कांड्या सोडणं चाललंय, हे वेळ कितीही वाचवत असलं तरी करू नका. विजेवर उडणारे इलेक्ट्रिक डिटोनेटर (दारू पेटवायच्या टोप्या) १ एप्रिल २०२५ पासून बंद झाले, आता सगळीकडं शॉक ट्यूब, म्हणजे विजेच्या तारेऐवजी डिटोनेटरला जोडलेली बारीक नळी, आहे म्हणून लोक बिनधास्त झालेत, पण भरलेल्या होलाशेजारी जिवंत केबल आणि तिच्यात पाय अडकून पडणारा माणूस, दोन्ही नकोच.

आता लायनर, आणि इथं माझी तक्रार आहे. पुरवठादारानं पहिला रोल दिला तो सपाट मोजला तर १५० एमएम रुंद. गोल केल्यावर त्याचा व्यास ९५ च्या आसपास भरतो, म्हणजे ११० च्या होलात बाजूनं मोकळी जागा, तिथं पाणी बसणार आणि मालही कमी मावणार. ११० ला सपाट रुंदी निदान १७३ पाहिजे, मी आता १८० मागतो. घेताना होलचा व्यास सांगून थांबू नका, सपाट पट्टी मोजून घ्या. जाडीचं पण तसंच, पातळ प्लास्टिक आपल्या काळ्या दगडाच्या धारेवर टिकत नाही, वर बेंचला मागच्या बारानं तडकलेला जो थर असतो तिथं हमखास फाटतं. आम्ही तोंडाशी पाईपचा एक तुकडा बसवून त्यातून लायनर सोडतो, तेव्हापासून फाटणं लय कमी झालं. खाली वजनाला लायनरच्या बुडात बारीक खडी बांधायची, नाहीतर तो मधीच घडी पडून अडकतो.

ऑगस्टमधला एक बार मी विसरणार नाही. पंपानं होल कोरडं केलं, मी म्हटलं, "तात्या, झालं, भरूया." तात्या म्हणजे आमचे जुने मिस्त्री, त्यांचं आयुष्य खाणीत गेलं. ते म्हणाले, "जरा थांब, परत टेप सोड बघू." मी खोली मोजायचा टेप सोडला, थोडंसंच पाणी दिसलं, घाई होती, ढग आले होते, मी भरायला सांगितलं. माझी चूक, सरळ कबूल करतो. लायनर कुठंतरी फाटला होता आणि झऱ्याचं पाणी आत गेलं. बार झाला तेव्हा त्या कोपऱ्यातून नारिंगी धूर उठला. हा रंग म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, माल भिजून नीट जळला नाही याची खूण, आणि तो वायू विषारी. एक पोरगं वाऱ्याच्या खालच्या बाजूला होतं, त्याला थोडा खोकला आला आणि मग म्हणालं मी बरा आहे. तात्यांनी ऐकलं नाही, तडक गाडीत घालून दवाखान्यात नेलं, कारण या धुराचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पण उलटतो, फुफ्फुसात पाणी होतं. डॉक्टरांना ब्लास्टिंगचा धूर लागलाय हे स्पष्ट सांगितलं, रात्रभर ठेवून घेतलं, पोरगं सुखरूप आहे. त्याच्या आईला फोन मी केला होता. तो फोन करायची पाळी कुणावर येऊ नये.

त्या बाराला बूड पण सुटलं नाही, खाली टो, म्हणजे बुडाचा न फुटलेला दगड, तसाच राहिला, न उडालेला माल असेल म्हणून पूर्ण भाग बंद करून शॉटफायररनं (बार उडवायची जबाबदारी असलेल्या माणसानं) तपासेपर्यंत पोकलेन लावला नाही. जुन्या होलच्या बुडात परत ड्रिल घालायचं नाही हे तर कुठल्याही खाणीवर पहिल्या दिवशी शिकवतात, तरी काम अडलं की माणसाला मोह होतो, म्हणून तिथं आम्ही दगडावर लाल रंगच मारून ठेवला.

त्यानंतर आमच्या खाणीपुरता नियम केला. पाणी काढलं की टेप, अर्ध्या तासानं परत टेप. अर्ध्या फुटापेक्षा जास्त चढलं तर ते होल झऱ्याचं, तिथं लायनर नाही, एन्फो नाही, सरळ इमल्शन. इमल्शनमध्ये नायट्रेटच्या द्रावणाचे बारीक थेंब तेलाच्या पापुद्र्यात गुंडाळलेले असतात म्हणून ते पाण्यात टिकतं, आणि त्याची घनता पाण्यापेक्षा जास्त म्हणून कांडी आपोआप खाली बसते. एन्फो पाण्यापेक्षा हलका, त्यामुळं पाणी न काढता नुसत्या लायनरमध्ये भरला तर तो वर तरंगतो, ही गोष्ट मला विकणाऱ्यानं सांगितली नव्हती.

इमल्शन असलं तरी गडबड नको. गढूळ घट्ट पाण्यात कांडी हळू उतरते, कधी मधी अडकते आणि खाली पोकळी राहते, वरून बघणाऱ्याला वाटतं होल भरलं. प्रत्येक कांडीनंतर खूण केलेल्या लाकडी काठीनं खोली मोजतो. अडकली तर लोखंडी सळई, ड्रिलचा रॉड, हवा, काही म्हणजे काही लावायचं नाही, ट्यूब धरून ओढायचं पण नाही. बुडातल्या डिटोनेटरची ट्यूब कडेला अलगद धरायला आम्ही एक माणूस वेगळाच ठेवतो, त्याला दुसरं काम सांगत नाही.

ठासणीला, म्हणजे दारूच्या वर होलाचं तोंड बंद करायला, ड्रिलची भुकटी पाण्यात वापरू नका, तिची पेज होते आणि बार वरून फुटून दगड लांब जातो. १० एमएमची कोनेदार खडी घ्या, होलच्या व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी, आमच्याच क्रशरवर मिळते. थोडी टाका, बसू द्या, परत टाका. वीज चमकली की भरणं जिथल्या तिथं सोडून सगळे बाहेर, हे तर बिनचूक पाळा.

किमतीचं म्हणाल तर पंपाचे पैसे वसूल झाले, लायनरचे अर्धेच. ऑक्टोबरनंतर साचलेलं पाणी होतं, झरे मंद झाले होते, तेव्हा लायनर आणि एन्फोनं छान काम दिलं, धूर पांढरा आणि दगड एकसारखा फुटलेला. जुलै-ऑगस्टमध्ये लायनर म्हणजे नुसता मनस्ताप. यंदा पावसाळ्याच्या तीन महिन्यांना मालकांना सगळं इमल्शनच मागितलंय, ते महाग पडतं म्हणून दोन दिवस कुरकुर झाली, मग मी ऑगस्टच्या बाराचा फोटो दाखवला. लायनरचे रोल गोडाऊनमध्ये उन्हापासून लांब ठेवलेत, ऑक्टोबरला काढू. अर्ध्या तासानंतरचा टेप कुणी घेतला त्याची सही आता वहीत असते, पहिलं पान तात्यांच्या सहीचं आहे.