माणसाचे माप नेमके, भिंतीचे नाही

आमचे स्वयंपाकघर जेमतेम ७ फूट बाय १० फुटांचे आणि त्यातली कपाटे माझ्या लहानपणापासूनची. बिजागऱ्या निखळू लागल्या आणि सिंकखालच्या फळीचे फुगून पापुद्रे सुटू लागले, तेव्हा भिंत न पाडता आहे त्या जागेत सगळे नव्याने करून देणाऱ्या एका सेवेला आम्ही काम दिले. मोजमाप, आराखडा, कपाटे आणि बसवणी हे चारही टप्पे त्यांच्याकडेच होते. काम होऊन सात महिने झाल्यामुळे नवेपणाचे कौतुक आता ओसरले आहे.

सर्वाधिक गुण आराखड्याला. आराखडा करणाऱ्या बाईंनी वही उघडण्याआधी आईला जुन्या ओट्याशी उभे केले, हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगितला आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजली. ती ९४ सेंटिमीटर भरली. चिरण्या-मळण्याचा ओटा कोपरापेक्षा साधारण १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा, शेगडीवर भांड्याची उंची वाढत असल्याने तिथे तो आणखी थोडा उतरवावा, आणि सिंकमध्ये हात तळाशी जात असल्याने ती बाजू मात्र उचलावी, असे त्यांनी समजावून सांगितले. त्याप्रमाणे शेगडीकडे ७८, मधे ८२ आणि सिंककडे ८८ सेंटिमीटर उंची ठरली. असा पायऱ्यापायऱ्यांचा ओटा तुटक दिसेल अशी माझी शंका होती, आणि तो तुटक दिसतोही. पण भांडी घासून झाल्यावर कमरेवर हात ठेवून क्षणभर उभे राहण्याची आईची सवय सुटली आहे.

खालच्या कपाटांना दारांऐवजी पूर्ण बाहेर येणारे खण देण्याचा आग्रहही त्यांचाच. ६० सेंटिमीटर खोल कपाटात मागची वस्तू काढायला पुढच्या चार काढाव्या लागत, ती कसरत संपली. लहान जागेबद्दल आम्ही कुरकुर केली, तेव्हा त्यांनी ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमधल्या लहान घरांसाठी आखलेल्या ‘फ्रँकफर्ट स्वयंपाकघरा’चा दाखला दिला. तेही साधारण १.९ बाय ३.४ मीटरचेच होते. दाखल्याने जागा वाढत नाही, पण कुरकुर थांबली.

तक्रार आहे ती याच काटेकोरपणाच्या दुसऱ्या बाजूची. माणसाचे माप इतके बारकाईने घेणाऱ्यांनी भिंतीचे माप मात्र एकाच उंचीवर फीत धरून घेतले. जुन्या घराच्या भिंती सरळ नसतात, हे त्यांना सांगावे लागू नये. बसवणीच्या दिवशी सुताराने ओळंबा सोडला तेव्हा भिंत १८ मिलिमीटर कललेली निघाली, आणि कोपऱ्यात गुण्या लावला तर तिथेही काटकोन नव्हता. ओट्यामागे एका टोकाला करंगळी जाईल एवढी फट राहिली. कोपऱ्यातला खण उघडताना शेजारच्या खणाच्या मुठीवर आपटत होता, कारण दोघांमध्ये अंतर राखणाऱ्या पट्टीसाठी जागाच सोडलेली नव्हती. खण अरुंद करून पुन्हा बनवून आणण्यात बारा दिवस गेले आणि तेवढे दिवस शेगडी बाहेरच्या खोलीत राहिली.

भिंतीतल्या जुन्या लोखंडी नळांबाबतही तसेच झाले. असे नळ आतून गंजून अरुंद होत जातात. ते आधी बदलायचे का, असे मी विचारले, तर नळकाम आपल्या कामात येत नाही, एवढेच उत्तर मिळाले. उत्तर नियमाला धरून असेलही, पण नळ बदलल्याशिवाय कपाटे बसवू नका, हे सांगणे त्यांच्या कामात नक्कीच येत होते. पाचव्या आठवड्यात सिंकमागे ओल आली. कपाटाची पाठ कायमची ठोकलेली असल्याने प्लंबरला ती कापूनच जोडापर्यंत पोचावे लागले.

त्यानंतरची त्यांची वागणूक मात्र चांगली होती. दुसऱ्याच दिवशी माणूस आला, कापलेल्या पाठीच्या जागी स्क्रूने निघणारी फळी बसवून गेला आणि वेगळे पैसे मागितले नाहीत. सिंकखालचे कपाट उकळत्या पाण्यालाही दाद न देणाऱ्या प्रतीच्या प्लायवूडचे असल्याने ओल येऊनही फुगले नाही. इतर खणांच्या खालच्या कडांना मात्र पट्टी लावलेली नाही. बोट फिरवले की उघडा भुसा हाताला लागतो, आणि फरशी पुसताना पाणी नेमके तिथेच शिरते.

बैठकीच्या खोलीतल्या कपाटांचे काम आम्ही याच मंडळींना दिले आहे. या वेळी मापे घेताना ओळंबा मी धरला होता.