टेरिजियमच्या ऑपरेशनचा अनुभव (वडिलांचा उजवा डोळा)

माझे वडील, आम्ही नाना म्हणतो त्यांना, निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, सगळा जन्म उन्हातान्हात आणि धुळीत गेलेला. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढलेलं बरीच वर्षं होतं, यालाच टेरिजियम म्हणतात. गावाकडं मेडिकलमधून लाली कमी करायचे ड्रॉप आणायचे, ते घातले की डोळा जरा पांढरा दिसायचा म्हणून नानांना वाटायचं गुण येतोय. ड्रॉपने लाली आणि चुरचुर तेवढी कमी होते, वाढलेलं मांस कुठल्याच ड्रॉपने जात नाही, हे इथल्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं. तोवर ते बुबुळावर चढून पार बाहुलीच्या कडेपर्यंत आलेलं आणि त्या डोळ्याने चार्टवरची वरची मोठी अक्षरंच फक्त वाचता येत होती.

याआधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे मोतीबिंदू आहे लगेच करून टाका एवढंच सांगितलेलं. इथे मॅडमनी मशीनवर डोळा मोठा करून स्क्रीनवर आम्हाला दाखवला, पांढऱ्या भागातून तिकोनी पंखासारखं मांस आत शिरलंय आणि त्यात लाल शिरा, अगदी स्वच्छ दिसत होतं. म्हणाल्या की मोतीबिंदू आत्ता किरकोळ आहे, नजर या टेरिजियममुळे गेलीये, ते बुबुळाला ओढतं त्यामुळे चष्म्याचा सिलिंडरचा (बुबुळाच्या वेड्यावाकड्या आकारामुळे येणारा) नंबर वाढतो आणि हे असताना मोतीबिंदूचं माप घेतलं तर लेन्सचा नंबर चुकू शकतो, म्हणून आधी हे काढायचं, बुबुळाचा आकार स्थिर होऊ द्यायचा, मग पुढचं बघू. दोन्ही ऑपरेशनं एकदम गळ्यात मारली नाहीत, मला हे फार महत्त्वाचं वाटलं.

नानांचा पहिला प्रश्न, मॅडम छाटणी केल्यावर परत फुटवा आला तर? मॅडमना हसू आलं पण उत्तर नीट दिलं. नुसतं खरवडून काढलं तर परत येण्याचं प्रमाण खूप, 30 टक्क्यांच्याही वर जातं, म्हणून त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालून पातळ पडदा घेऊन त्या जागी लावतात आणि मग ते प्रमाण बरंच खाली येतं. तुम्ही कुठेही करा पण ग्राफ्ट (म्हणजे हा पडदा) लावणार का हे विचारूनच घ्या. आमच्याकडे टाके न घालता ग्लू वापरला. ऑपरेशन जागेवर भूल देऊन, अर्ध्यापाऊण तासाचं काम, त्याच दिवशी घरी. खर्चाचा आकडा आधी लिहून दिला होता, बिल तेवढंच आलं.

पहिले काही दिवस मात्र डोळ्यात खडा गेल्यासारखं टोचत होतं आणि डोळा इतका लालभडक की आई घाबरली, पण हे होणार म्हणून सिस्टरने आधीच सांगून ठेवलं होतं. स्टिरॉइडचे ड्रॉप हळूहळू कमी करत बरेच आठवडे घालावे लागतात, मनाने बंद करायचे नाहीत आणि वाढवायचेही नाहीत, स्टिरॉइडने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं म्हणून दर व्हिजिटला ते तपासतात.

आता नाना चष्मा लावून त्या डोळ्याने पेपर वाचतात. बुबुळावर जिथे मांस चढलं होतं तिथे फिकट डाग राहिलाय, तो राहणार असं मॅडम म्हणाल्या, बाहुलीच्या मधोमध पोचलं असतं तर डागामुळे नजर पूर्ण आली नसती. आमच्या भागात बागेत काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या डोळ्यात हे दिसतं, मला खरंच काळजी वाटते, एकदा तपासून घ्या रे. लहान असेल तर लगेच ऑपरेशन करत पण नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात, गॉगल आणि कडेची टोपी वापरायला सांगतात.

एक स्टार कमी दिला कारण अपॉइंटमेंट असून पण खूप बसावं लागतं आणि पार्किंगची बोंब आहे. बाहुली मोठी करायचे ड्रॉप घालतात त्यामुळे पेशंटने गाडी चालवायची नाही, सोबत कोणीतरी न्या.