साधे प्लग की इरिडियम? घरी स्वतः बदलणार असाल तर

छोट्या गाडीचे स्पार्क प्लग घरीच बदलायचे ठरवलं की पाना कुठला घ्यायचा हे लगेच कळतं, अडतं ते साधे प्लग घ्यायचे का इरिडियम यावर. मी दोन्ही वापरलेत, तेही एकाच गाडीत, आधी बरीच वर्षं साधे निकेलवाले आणि आता इरिडियम. मोजायची यंत्रं माझ्याकडे नाहीत, जे सांगतोय ते वापरून जे जाणवलं ते. तुमचं इंजिन वेगळं असेल तर निर्णय वेगळाही येऊ शकतो, तो कुठे वेगळा येईल तेही खाली लिहिलंय.

आधी एक सांगतो, इरिडियम टाकले की गाडी पळायला लागते असं जे म्हणतात ते मला तरी जाणवलं नाही. नवे साधे आणि नवे इरिडियम, पिकअप तोच, आयडलिंग तेच, पहाटे स्टार्ट होणं थोडं हलकं वाटलं पण तो बॅटरीचा पण भाग असू शकतो. फरक पडतो तो पुढे. साध्या प्लगचं मधलं टोक साधारण अडीच मिमी जाड असतं आणि ठिणगी नेहमी धारदार कडेवरून उडते, ती कड झिजून गोल झाली, गॅप (दोन टोकांमधली फट, जिच्यातून ठिणगी उडते) वाढली की तीच ठिणगी पाडायला कॉइलला (बॅटरीचं व्होल्टेज वाढवून प्लगला देणाऱ्या भागाला) जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. इरिडियमचं टोक 0.6 मिमी किंवा काही प्लगमध्ये 0.4 मिमी, म्हणजे मुळातच बारीक, त्यामुळे कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते, आणि इरिडियम वितळतं 2400 अंशांच्या वर (निकेल 1455 ला), म्हणून एवढं बारीक असूनही लवकर झिजत नाही. साधे प्लग 20 ते 40 हजार किमी, चांगले इरिडियम लाखाच्या आसपास, हे तुम्हाला माहीतच असेल.

पण माझा निर्णय ठिणगीवरून झालाच नाही, तो झाला कॉइलच्या कनेक्टरवरून. हल्लीच्या बहुतेक गाड्यांमध्ये प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते आणि तिला एक छोटा प्लास्टिकचा कनेक्टर असतो, त्याचं लॉक दाबायचं आणि ओढायचं, नव्या गाडीत बोटाने दाबलं की टक्कन सुटतं. पण हे प्लास्टिक कायम इंजिनच्या डोक्यावर, उष्णतेत, वर्षानुवर्षं, त्यामुळे ते कडक होतं, ठिसूळ होतं, आणि मग प्रत्येक वेळी ते लॉक दाबताना जीव मुठीत धरावा लागतो. माझ्या गाडीत एकाचं लॉक गेलंच, हलक्या हाताने दाबलं तरी गेलं. कनेक्टर बसायचा, पण तो टक् आवाज नाही. सपाट रस्त्यावर सगळं ठीक, खडबडीत रस्ता लागला की कनेक्टर सैल व्हायचा, एक सिलिंडर मधेच बंद, गाडी थरथरायची, चेक इंजिनचा दिवा लागायचा, स्कॅनर लावला तर पी0302 म्हणजे दोन नंबरला मिसफायर. प्लग चांगला, कॉइल चांगली, आणि त्रास तेवढ्याशा प्लास्टिकच्या जिभेचा! नुसतं लॉक सुटं मिळेना, वायरसकट कनेक्टर बदलून जोडणी करावी लागली. प्लग बदलणं हे तासाभराचं काम, हे त्याहून कितीतरी जास्त किचकट.

आता हिशोब बघा. लाखभर किमीत साधे प्लग तीन-चार वेळा बदलायचे म्हणजे प्रत्येक कनेक्टर तीन-चार वेळा सोडायचा, प्रत्येक कॉइलचं रबरी बूट ओढायचं (तेही प्लगला चिकटून बसतं, आधी थोडं पिळून सुटं करावं लागतं नाहीतर फाटतं), आणि हेडचे (इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) ॲल्युमिनियमचे आटे प्रत्येक वेळी वापरायचे. इरिडियमला हे सगळं एकदा. काही छोट्या गाड्यांमध्ये तर प्लगपर्यंत पोचायला इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्या) काढावा लागतो, गास्केट नवं टाकावं लागतं, तिथे तर माझ्या मते विचार करायचीच गरज नाही.

तरी साध्या प्लगची बाजू हलकी नाही. वारंवार उघडता म्हणजे वारंवार आत बघता, आणि प्लगचं टोक इंजिनबद्दल खूप सांगतं. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओलं तेलकट म्हणजे व्हॉल्व्ह सील नाहीतर रिंगा बघा, पांढरंफटक आणि फोड आलेलं म्हणजे जास्त तापतंय. प्लगच्या खड्ड्यातच तेल साचलेलं दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं सील गळतंय, ते वेळेत कळलं तर कॉइलचं बूट वाचतं. (बाहेरच्या पांढऱ्या चिनी मातीवर तपकिरी पट्टा दिसला तर मात्र घाबरू नका, ती गळती नाही, जास्त व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात.) शिवाय साध्या प्लगची गॅप हाताने जुळवता येते. इरिडियमच्या टोकाला गॅप गेज घासलं तर ते बारीक टोक मोडू शकतं, त्यामुळे गॅप तपासायचीच असेल तर तारेचं गेज, आणि वाकवायचा तो फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड (मधल्या टोकासमोरचा वाकडा भाग). पडलेला इरिडियम प्लग मी तरी बसवणार नाही.

बसवण्याची पद्धत दोन्हीला तीच. इंजिन थंड हवं, प्लग काढायच्या आधी खड्ड्यातली माती हवा मारून उडवायची, पहिले आटे हातानेच, एक्स्टेन्शन बोटांत धरून, रॅचेट नंतर. 14 मिमीच्या आट्यांना ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण 25 ते 30 न्यूटन मीटर, 12 मिमीला 15 ते 20, तरी गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा धरा. टॉर्क रेंच नसेल तर वॉशरवाला नवा 14 मिमीचा प्लग हाताने टेकला की त्यापुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावायचा मोह होतो, लावू नका, आट्यांवर आधीच मुलामा असतो आणि वंगणामुळे त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

साधेच घ्या असं मी कुणाला सांगेन? ज्यांची गाडी जुनी आहे, प्लग समोरच आहेत आणि कॉइल वेगळी असून लांब वायरी आहेत त्यांना. तिथे कनेक्टरचा प्रश्नच येत नाही, वायरीचं बूट ओढलं की काम झालं. अशा बऱ्याच गाड्यांत एकच कॉइल दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देते, त्यातल्या एका प्लगला ती उलट्या दिशेने जाते, मग झीज बाहेरच्या इलेक्ट्रोडची होते. स्वस्तातल्या इरिडियमला मौल्यवान धातू फक्त मधल्या टोकाला असतो, बाहेरचा इलेक्ट्रोड निकेलचाच, म्हणजे निम्म्या प्लगना त्या इरिडियमचा काहीच उपयोग नाही. आणि गाडी लवकरच विकायची असेल तरी साधेच पुरे.

बाकीच्यांना, म्हणजे डोक्यावर कॉइल असलेल्या गाडीवाल्यांना, मी इरिडियमकडेच वळवेन, पण बाहेरच्या इलेक्ट्रोडवरही प्लॅटिनम किंवा इरिडियमचा ठिपका असलेले घ्या, लाखभर किमी चालतात ते हेच. हीट रेंजचा (प्लग स्वतःची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा) आकडा कंपन्यांमध्ये उलटसुलट असतो, एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे गरम, आणि एनजीकेचा 6 म्हणजे डेन्सोचा साधारण 20, त्यामुळे ब्रँड बदलताना आकडा जुळवत बसू नका, गाडीचं मॉडेल आणि इंजिन टाकून कंपनीच्या यादीतून नंबर काढा.

आणि इरिडियम टाकून लाखभर किमी अजिबात न उघडणं मला पटत नाही, तेवढ्या काळात प्लग आट्यात जाम होऊ शकतो. मी अर्ध्या वाटेवर सगळ्यात सोप्या जागेचा एकच प्लग काढून बघतो, बाकीच्या कनेक्टरना हात लावत नाही. तो परत बसवताना वॉशर आधीच दबलेला असतो, म्हणून हाताने टेकल्यावर फेऱ्याचा बारावा भाग, म्हणजे घड्याळातल्या एका तासाएवढं फिरवलं की थांबायचं.