ड्रायर पहिल्यांदाच पाहताय? आधी ‘जोन’ की ‘ऑर्डेट’?

कार्ल थिओडोर ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचं नाव निघालं की सल्ला ठरलेला असतो: १९२८चा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ बघून घ्या. मीही तिथूनच सुरुवात केली. पण आज कुणी विचारलं तर मी १९५५चा ‘ऑर्डेट’ आधी सांगते. ऑर्डेट म्हणजे ‘शब्द’. दोन्ही कसे आहेत ते मांडते, निवड तुमची.

‘जोन’ मूकपट आहे, फ्रान्समध्ये बनलेला. १४३१ साली फ्रान्समधल्या रूआं शहरात जोन ऑफ आर्कवर चाललेल्या धर्मद्रोहाच्या खटल्याच्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. ड्रायरनं त्यांतूनच सवाल-जवाब उचलले आणि कित्येक आठवडे चाललेली चौकशी एका दिवसात बसवली. भलामोठा, खर्चिक सेट उभा केला, पण पडद्यावर तो जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ते चेहरे. मेकअप कुणालाच नाही, त्यामुळे न्यायाधीशांच्या सुरकुत्या, चामखिळी, ओठांवरची थुंकी, सगळं अगदी समोर येतं. आणि त्यांच्यापुढे जोनच्या भूमिकेत पॅरिसच्या रंगभूमीवरची अभिनेत्री रने फाल्कोनेत्ती. तिचे डोळे भरून येतात तेव्हा आपण श्वास घ्यायचा विसरतो. दीड हजारांहून जास्त शॉट, लांबी साधारण दीड तासाच्या आतबाहेर.

अडचण एकच आहे. हा चित्रपट पहिल्या मिनिटालाच टिपेला पोचतो आणि खाली येत नाही. मूकपटांची सवय नसेल, तर अर्ध्या तासात मन थकतं, आणि ‘महान आहे, पण माझ्यासाठी नाही’ असं म्हणून माणूस ड्रायरला कायमचा बाजूला ठेवतो. असं होताना मी पाहिलंय, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

‘ऑर्डेट’मध्ये मात्र आपण थेट एका घरात शिरतो. डेन्मार्कच्या पश्चिम जटलंड भागातलं शेतकऱ्याचं घर. म्हातारा मॉर्टन बोर्गन, त्याचे तीन मुलगे, थोरली सून इंगर. थोरल्याचा देवावर विश्वास उरलेला नाही. मधला योहानेस स्वतःलाच येशू समजतो आणि बारीक, एकसुरी आवाजात बोलत घरभर फिरतो. धाकट्याला गावातल्या शिंप्याची मुलगी हवी आहे, पण शिंपी कडक, पापभीरू पंथाचा आणि बोर्गन आनंदाचा धर्म मानणारे. दोघेही ख्रिस्तीच, तरी सोयरीक नको! इंगर सासऱ्यापुढे कॉफी ठेवून त्याचं मन वळवायला बसते, तो प्रसंग कुठल्याही मराठी घराला ओळखीचा वाटेल.

लांबी १२६ मिनिटं आणि शॉट जेमतेम सव्वाशेच्या आत. कॅमेरा सावकाश या खोलीतून त्या खोलीत सरकतो, माणसं उठतात, बसतात, दार लावतात. पहिली वीस मिनिटं संथ वाटतील. ती द्या. त्या संथपणामुळेच शेवटच्या प्रसंगावर आपला विश्वास बसतो. तो प्रसंग काय आहे हे मी सांगणार नाही, तुम्हीही आधी वाचू नका.

मूळ नाटक काई मुंक या डॅनिश पाद्र्याचं. तो ज्या वेदरसो गावाचा पाद्री होता, तिथेच बाहेरची दृश्यं चित्रित झाली. तोवर मुंक हयात नव्हता. १९४४च्या जानेवारीत नाझींनी त्याला ठार मारलं होतं.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. ‘ऑर्डेट’च्या मध्यात बाळंतपणाचा दीर्घ, कठीण प्रसंग आहे. तुम्ही गरोदर असाल किंवा अशा दुःखातून नुकतेच गेला असाल, तर आत्ता हा चित्रपट नको. तुमच्यासाठी ‘जोन’च आधी.

हा प्रसंग ड्रायरच्या आयुष्यापासून मला वेगळा काढता येत नाही. १८८९ साली कोपनहेगनमध्ये एका अविवाहित स्वीडिश मोलकरणीच्या पोटी त्याचा जन्म झाला. तिला बाळ दुसऱ्यांच्या हवाली करावं लागलं आणि पुढे दुसऱ्या गर्भारपणात गर्भ पाडण्याच्या प्रयत्नात ती गेली. दत्तक घेणाऱ्या बापाचं नाव मुलाला जसंच्या तसं मिळालं. दोन्ही चित्रपटांत पुरुष धर्मावर वाद घालतात आणि बाई देहानं किंमत मोजते. ‘जोन’मध्ये ती बाई संत आहे, दूरची आहे. इंगर स्वयंपाकघरातली आहे, म्हणून ती जास्त लागते.

त्याची कारकीर्दही सलग नव्हती. १९३२चा ‘व्हॅम्पायर’ पडला, मग अकरा वर्षं एकही कथापट नाही. पत्रकारितेवर दिवस काढले. १९४३मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये, चेटकिणींच्या छळावरचा ‘डे ऑफ रॅथ’ आला. १९५२ला सरकारकडून डागमार हे थिएटर चालवायला मिळालं, तेव्हा कुठे घर स्थिरावलं. ‘ऑर्डेट’ला व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, मिळाला. त्यानंतर १९६४चा ‘गर्ट्रूड’ आणि १९६८मध्ये मृत्यू. ‘गर्ट्रूड’ पहिल्यांदा अजिबात बघू नका, तो सगळ्यात शेवटी.

‘जोन’ बघाल तेव्हा प्रत नीट पाहून घ्या. मूळ निगेटिव्ह १९२८मध्येच बर्लिनच्या आगीत जळाली. ड्रायरच्या मूळ मांडणीची प्रत १९८१मध्ये सापडली, तीही ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात. त्याच प्रतीवरून तयार झालेली आवृत्ती शोधा. १९५०च्या सुमाराची, जुनं अभिजात संगीत चिकटवलेली आवृत्ती टाळा. ती ड्रायरला स्वतःलाच पसंत नव्हती. आणि एकदा तरी आवाज पूर्ण बंद करून, रात्री, एकट्यानं बघा.