फॉलोअर शोधायचे की शोधात सापडायचे? कोकणातील छोट्या व्यावसायिकासाठी एक तुलना

तारकर्लीत होमस्टे चालवणारे, देवगडातून हापूसच्या पेट्या थेट ग्राहकाला पाठवणारे किंवा सावंतवाडीत लाकडी खेळणी घडवणारे कुटुंब सोशल मीडियावर खाते उघडते, तेव्हा फॉलोअर कुठून आणायचे हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. कीवर्ड सर्च, म्हणजे विषयाचे शब्द टाकून घेतलेला शोध, त्यासाठी दोन तऱ्हांनी उपयोगी पडतो. पहिल्या तऱ्हेत आपण शोध घेतो: आपल्या विषयावर कोण बोलत आहे ते शब्द टाकून पाहायचे, त्या माणसाला फॉलो करायचे किंवा त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे. दुसऱ्या तऱ्हेत शोध समोरचा घेतो, आणि त्याने टाकलेल्या शब्दांना आपली पोस्ट सापडावी अशी तिची मांडणी आपण आधीच करून ठेवतो. वेळ दोन्हीला लागतो आणि घरच्या माणसांवर चालणाऱ्या धंद्यात वेळच सर्वांत कमी असतो, म्हणून कशाला किती वेळ द्यायचा हे ठरवणे आवश्यक आहे. बहुतेकांनी दुसऱ्या मार्गावर अधिक श्रम घ्यावेत आणि पहिला मार्ग हंगामापुरता, तोही केवळ उत्तरे देण्यासाठी वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वतः शोध घेण्याची सर्वांत बारीक सोय आजही एक्सवर, म्हणजे 2023च्या जुलैपर्यंत ट्विटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माध्यमावर आहे. तेथील प्रगत शोधात पूर्ण शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालता येतो, नको असलेला शब्द वजा चिन्ह लावून वगळता येतो, भाषेनुसार व तारखेनुसार पोस्ट गाळता येतात. कोकणातल्या नावांना ही गाळणी फार लागते. नुसते ‘मालवणी’ लिहून शोधले, तर जेवणाच्या आणि बोलीच्या पोस्टबरोबर मुंबईतील मालाडच्या मालवणी भागातल्या बातम्याही समोर येतात. ‘मुरुड’ लिहिले, तर रायगडातील जंजिऱ्याजवळचे मुरुड, दापोलीजवळचे मुरुड आणि लातूर जिल्ह्यातील मुरुड अशी तीन गावे एकमेकांत मिसळतात. ‘शिरोडा’ वेंगुर्ले तालुक्यात आहे तसा गोव्यातही आहे. त्यामुळे एकट्या गावाच्या नावावर थांबू नये; ‘मालवणी मसाला कुठे मिळेल’ किंवा ‘दापोली मुरुड राहण्याची सोय’ अशा, विचारणाऱ्याच्या तोंडी असणाऱ्या शब्दांनी शोध घ्यावा.

असा माणूस सापडल्यावर पुढे काय करायचे, यावर या मार्गाचे यश अवलंबून असते. पुष्कळ जण दिसेल त्याला फॉलो करत सुटतात आणि काही दिवसांनी, परत फॉलो न करणाऱ्यांना काढून टाकतात. हे करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. एक्सवर पडताळणी नसलेल्या खात्याला दिवसाला 400 खातीच फॉलो करता येतात आणि एकूण 5000 नंतर आणखी बंधन येते; इन्स्टाग्रामवर एकूण मर्यादा 7500 आहे. एकामागून एक फॉलो करणे व सोडणे हा एक्सच्या नियमांचा भंग आहे. केवळ एखादा शब्द दिसला म्हणून यंत्राकडून आपोआप उत्तर पाठवण्यासही तेथे परवानगी नाही. नियम बाजूला ठेवले, तरी केवळ परतफेड म्हणून फॉलो करणाऱ्या माणसाला आपल्या आंब्याशी किंवा खोलीशी काही देणेघेणे नसते. तो आपल्या पोस्टवर थांबत नाही, आणि न थांबणाऱ्यांची संख्या वाढल्याने खात्याचा काहीही लाभ होत नाही.

प्रश्नाला खरे उत्तर देणे मात्र फळते, विशेषतः फेसबुकवरील प्रवासाच्या व खरेदीच्या समूहांत. प्रत्येक समूहाच्या आत शब्द टाकून शोधता येते आणि ताज्या पोस्ट आधी पाहता येतात. मार्चच्या मध्यापासून ‘खरा देवगड हापूस कसा ओळखावा’, ‘कार्बाइड न वापरलेला आंबा कोण पाठवेल’ असे प्रश्न विचारले जातात. येथे आपला फोन नंबर चिकटवून निघून जाणारा विक्रेता आणि नीट समजावून सांगणारा बागायतदार यांतला फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो. कोकणातील हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे, आणि कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास भारतात बंदी आहे, एवढे जरी शांतपणे लिहिले तरी विचारणारा आपल्या खात्यावर येऊन पाहतो. समूहात जाहिरातीला मनाई असेल, तर ती पाळावी. या कामाची उणीव एवढीच, की आपण उत्तरे देणे थांबवले की ओघही थांबतो, आणि आंब्याच्या ऐन हंगामात पेट्या भरायच्या की उत्तरे लिहायची, अशी ओढाताण होते.

शोधात सापडण्याच्या मार्गाचे बळ नेमके येथे आहे. नीट शीर्षक दिलेला व्हिडिओ आपण बागेत किंवा स्वयंपाकघरात असतानाही माणसे आणत राहतो. इन्स्टाग्रामने 2021 मध्ये आपला शोध कसा चालतो हे सांगताना खात्याचे नाव, परिचय आणि पोस्टखालचा मजकूर यांत विषयाचे व ठिकाणाचे शब्द असावेत, असे स्पष्ट केले होते. शब्द टिप्पणीत लपवल्याने उपयोग होत नाही, हेही सांगितले होते. तरीसुद्धा आपल्याकडे खात्याच्या नावाच्या जागी फक्त घराचे किंवा कुलदैवताचे नाव असते. ते जरूर ठेवावे, पण त्यापुढे ‘तारकर्ली होमस्टे’ किंवा ‘देवगड हापूस’ हे शब्द जोडावेत. हे नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येते, म्हणून विचार करून लिहावे. जुलै 2025 पासून सार्वजनिक व्यावसायिक खात्यांच्या इन्स्टाग्राम पोस्ट गुगलच्या शोधातही येऊ शकतात, त्यामुळे पोस्टखाली चार पूर्ण वाक्ये लिहिण्याचे महत्त्व वाढले आहे.

यूट्यूबवर हा मार्ग सर्वांत चांगला चालतो, कारण तेथे माणूस मुळात प्रश्न घेऊन येतो. ‘आमचे सुंदर कोकण’ या शीर्षकाला कोणी शोधत येत नाही. ‘कुडाळ स्टेशनवरून तारकर्लीला कसे जायचे’ हे शीर्षक मात्र रेल्वेचे तिकीट काढलेला माणूस अक्षरशः तसेच लिहितो. व्हिडिओतही त्याच प्रश्नाचे उत्तर असले पाहिजे, कारण शब्द जुळूनही प्रेक्षक अर्ध्यात उठून जाऊ लागले तर तो व्हिडिओ मागे पडतो. व्हिडिओ चढवताना वेगळ्या रकान्यात भरायच्या शब्दांचा, म्हणजे टॅगचा, वाटा अगदी अल्प असल्याचे यूट्यूब स्वतःच सांगते; शब्द चुकीच्या स्पेलिंगने शोधला जात असेल, तेव्हाच ते कामी येतात. मुंबई-पुण्याचे मराठी पाहुणेदेखील गावाचे नाव अनेकदा रोमन लिपीत लिहितात, म्हणून शीर्षक देवनागरीत ठेवून वर्णनात रोमन रूपही द्यावे. ‘न्याहारी-निवास’ हा आपल्याकडचा रुळलेला शब्द आणि ‘होमस्टे’ यांपैकी कोणता अधिक शोधला जातो, हे गुगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून विनामूल्य पाहता येते. तेथे एका वेळी पाच शब्दांची तुलना होते आणि यूट्यूबपुरता शोधही वेगळा दिसतो.

या मार्गातही त्रुटी आहे: तो सावकाश चालतो. एप्रिलमध्ये टाकलेला आंब्याचा व्हिडिओ त्याच हंगामात उपयोगी पडेलच असे नाही. तो थंडीतच, मोहोराच्या दिवसांत टाकलेला बरा.

हॅशटॅगवर फार वेळ घालवू नये. डिसेंबर 2024 पासून इन्स्टाग्रामवर हॅशटॅग फॉलो करण्याची सोयच राहिलेली नाही. पैसे देऊन जाहिरात करणे हा वेगळा विषय आहे. खात्याचे नाव आणि मजकूर नीट नसताना त्यावर खर्च करणे मला पटत नाही.

आता निवडीविषयी. ज्यांचा होमस्टे आहे, त्यांनी पावसाळ्यात, म्हणजे स्कूबा डायव्हिंग बंद असते आणि हाताशी वेळ असतो तेव्हा, पाहुणे नेहमी विचारतात अशा प्रश्नांचे व्हिडिओ करून ठेवावेत आणि समूहांत दिवाळीच्या व मेच्या सुट्टीआधीच डोकावावे. आंबा बागायतदाराला दोन्ही मार्ग लागतील: थंडीत मांडणी, मार्च ते मे रोज थोडा वेळ उत्तरे. लाकडी खेळणी, कोकम किंवा काजू विकणाऱ्यांना विचारणारे वर्षभर, पण विखुरलेले असतात. त्यांनी शोध घेत बसण्यापेक्षा यूट्यूब व इन्स्टाग्रामच्या मांडणीवरच भर द्यावा. वेळास येथील कासव महोत्सवासारख्या ठरावीक दिवसांच्या कार्यक्रमाभोवती ज्यांचा व्यवसाय फिरतो, त्यांना मात्र एक्स व फेसबुकवर स्वतः शोध घेण्याला पर्याय नाही, कारण पाहुण्यांना पिल्ले समुद्राकडे कधी जाणार याची ताजी माहिती हवी असते आणि ती गावातला माणूसच देऊ शकतो.

कोणताही मार्ग निवडला, तरी नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला ‘आपण काय लिहून शोधले होते?’ असे विचारावे आणि उत्तर वहीत उतरवावे. यूट्यूब स्टुडिओत शोधातून आलेल्या प्रेक्षकांनी कोणते शब्द टाकले, हेही दिसते. पुढच्या व्हिडिओचे शीर्षक या दोन याद्यांतून घ्यावे.