खोकं माळ्यावर होतं म्हणून कळलं

आमच्या घरचा कॉम्प्युटर २०१९ साली असेंबल केलेला. नवव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, बाकी साधंच. मी डोंबिवलीत घरी बसून पाच-सहा सोसायट्यांचे हिशेब लिहिते, त्यामुळे तो बंद म्हणजे माझं दुकान बंद. यंदा मे महिन्यात त्याने छळायला सुरुवात केली. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून वीसेक मिनिटं झाली की पंखा घोंघावायचा, माऊस अडखळायला लागायचा आणि एकदम खट्! पडदा काळा. कधी आपोआप परत सुरू व्हायचा, कधी बटण दाबावं लागायचं. लगेच सुरू केला तर पाच मिनिटांत पुन्हा खट्. सकाळी मात्र तासभर गुणी बाळासारखा चालायचा.

हे शेवटचं वाक्य मी पुढे ज्याला कॉम्प्युटर दाखवला त्या दुकानदाराला सांगितलं होतं. थंड असताना चालतो, तापल्यावर पडतो, याचा अर्थ आता मला झोपेतही सांगता येईल. तेव्हा नाही सांगता आला आणि त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आधी माझे घरगुती उपाय झाले. प्लग बदलला, एक्स्टेन्शन बोर्ड नवा आणला, अँटीव्हायरसने रात्रभर तपासलं. सिस्टीमच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची एक खूण असते, ती काढली की निळा पडदा आला तर तो तसाच राहतो आणि त्यावरचा एरर वाचता येतो, असं कुणीतरी सांगितलं म्हणून तेही केलं. निळा पडदा एकदाही आला नाही. मला वाटलं, उपाय फुकट गेला. खरं तर तोच मोठा पुरावा होता. निळा पडदा येतो तेव्हा विंडोजला निदान कळलेलं तरी असतं की आपलं काही बिघडलंय. तो न येता दिवा विझल्यासारखं होतं तेव्हा आधी वीज आणि उष्णता या दोन गोष्टी बघायच्या असतात.

स्टेशनजवळच्या एका रिपेअरिंगच्या दुकानात फोन केला. नाव लिहीत नाही. मुलगा घरी आला, कॅबिनेट उघडलं, ब्लोअर मारला, बाल्कनीभर धूळ उडवली आणि ८०० रुपये घेऊन गेला. आठ दिवस कॉम्प्युटर बरा चालला. मग पुन्हा तेच.

दुसऱ्या वेळी मालक स्वतः आला. पन्नाशीचा, कपाळाला टिळा, बोलायला गोड. चहा घेतला. स्टार्टवर राइट क्लिक करून ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडला आणि मला खुर्ची ओढून शेजारी बसवलं. “काकू, हे बघा.” लाल गोळे. एकामागोमाग एक, प्रत्येकापुढे ‘क्रिटिकल’, कर्नल-पॉवर, एक्केचाळीस नंबर. तारीख, वेळ अगदी बरोबर. “मदरबोर्ड उडालाय. आता हार्ड डिस्कपण खाईल.”

मी घाबरले. सोसायट्यांचं ऑडिट ३१ जुलैच्या आत व्हावं लागतं आणि ऑडिटरचे फोन सुरू झाले होते. हे मी त्याला आपण होऊन सांगितलं. आपली नड दुकानदाराला कधी सांगू नये असं आई म्हणायची, ती भाजीवाल्याबद्दल म्हणायची एवढंच.

मदरबोर्डचे, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पट्टीचे, ६,८००, विंडोजचे १,२००, डेटा वाचवण्याचे १,५००. एकूण ९,५००. पैसे यूपीआयवर दिले. पावती म्हणून वहीच्या पानावर ‘रिपेअरिंग’ लिहून मिळालं, खाली नुसती फराटेदार सही. पक्कं बिल मागितलं तर “जीएसटी लागेल काकू, अठरा टक्के, उगाच कशाला?” म्हणाला. मलाही ते पटलं. स्वतः हिशेब लिहिणाऱ्या बाईला पटलं, हे लिहिताना आत्ता कान गरम झाले.

तीन दिवसांनी कॅबिनेट परत आलं. डेस्कटॉपवरचं सगळं होतं, ‘डॉक्युमेंट्स’ही होतं. टॅलीचा डेटा नव्हता. तो सी ड्राइव्हमध्ये ‘पब्लिक’ नावाच्या फोल्डरात असतो, तिथे कुणी पाहिलंच नव्हतं आणि ड्राइव्ह तर फॉरमॅट झालेला. मार्चअखेरचा बॅकअप पेन ड्राइव्हवर होता म्हणून वाचले. एप्रिल आणि मे महिन्यांच्या एंट्र्या व्हाउचरं समोर घेऊन पुन्हा केल्या. त्या करता करताच चौथ्या दिवशी दुपारी खट्.

फोन केला तर म्हणाला, “मग प्रोसेसर असणार. बोर्ड जाताना कधी कधी प्रोसेसरला घेऊन जातो.” आणखी ९,००० लागतील. विठ्ठल-रुक्मिणीची जोडीच जणू, एक गेलं की दुसरं मागोमाग.

त्या रविवारी भाचा जेवायला आला होता. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने ताट हातात घेऊनच टास्क मॅनेजर उघडला आणि विचारलं, “मावशी, रॅम आठच? तू तर सोळा म्हणायचीस.” खाली लिहिलेलं होतं, दोनपैकी एकच स्लॉट वापरात.

जेवण झाल्यावर कॅबिनेट आडवं घातलं. एक रॅम गायब होती. पण भाच्याचं लक्ष भलतीकडेच. प्रोसेसरवर जो पंखा बसतो, त्याचे चार कोपरे चार प्लॅस्टिकच्या खिळ्यांनी मदरबोर्डमध्ये खोचलेले असतात. त्यातला एक वर उचकटलेला होता. पंखा एका बाजूने तिरका, बोट लावलं की हलायचा. गुढीपाडव्याआधी घराला रंग दिला तेव्हा कॅबिनेट दोनदा इकडून तिकडे ओढलं होतं, बहुधा तेव्हाच निसटला असावा. तापमान दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर त्याने टाकलं: नुसतं बसल्या जागी ८४ अंश, टॅली आणि क्रोम उघडलं की शंभराकडे धाव. एवढं तापल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी तापतच राहिला तर जळू नये म्हणून स्वतःला बंद करतो. म्हणजे माझा कॉम्प्युटर बिघडलाच नव्हता, तो जीव वाचवत होता.

भाच्याने पंखा काढला. खाली थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप, वाळून, तडकून पडलेली, जुन्या डबीतल्या चुन्यासारखी. तो थांबला आणि म्हणाला, “मावशी, बोर्ड बदलायचा तर हा पंखा काढावाच लागतो. आणि काढला की पेस्ट नवीन लावावी लागते. ही तर पाच-सहा वर्षांची आहे.”

मी माळ्यावर चढले. आमच्याकडे कुठल्याही वस्तूचं खोकं टाकत नाहीत, यावरून नवरा मला कायम बोलतो. मदरबोर्डचं खोकं दिवाळीच्या कंदिलामागे सापडलं. खोक्यावर सिरियल नंबरचा स्टिकर, तसाच स्टिकर बोर्डाच्या कडेला. मी एक-एक आकडा वाचला, भाच्याने टॉर्च धरून तिकडचा वाचला. शेवटच्या आकड्यापर्यंत एकच. ६,८०० रुपयांचा नवा बोर्ड म्हणजे माझाच जुना बोर्ड.

विंडोजचंही तेच. आमचा मूळ परवाना त्या मदरबोर्डशी जोडलेला होता, त्यामुळे पुन्हा टाकल्यावर इंटरनेट मिळताच ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं. १,२०० रुपये दुकानदाराने एक पेन ड्राइव्ह लावून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबल्याचे घेतले. बोर्ड खरंच बदलला असता तर तो परवाना असा निमूट चालू झाला नसता.

मग ते लाल गोळे कसले? भाच्याने नवी पेस्ट लावली, चारही खिळे खट्-खट् आवाज येईपर्यंत दाबले, मशीन सुरू केलं आणि दहा मिनिटांनी सरळ भिंतीतून प्लग उपटला. मी ओरडलेच. परत सुरू करून त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला: ताजा लाल गोळा, क्रिटिकल, एक्केचाळीस. त्याचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का पडलं, ते सहसा त्यात नसतं. वीज गेली तरी तोच, बटण दाबून धरलं तरी तोच. त्या माणसाने मला माझीच तक्रार लाल रंगात वाचून दाखवली होती. एक अक्षरही खोटं नव्हतं त्यात, म्हणून तर फसले मी.

पेस्टची ट्यूब २५० रुपयांना आली. आता टॅली उघडून चार तास झाले तरी तापमान साठाच्या आसपास असतं.

आता कुठलंही मशीन घराबाहेर देण्याआधी मी कॅबिनेटचं झाकण उघडून आतले फोटो काढते, बोर्ड, रॅम आणि डिस्कवरचे स्टिकर वाचता येतील असे, आणि देतानाच सांगते की बदललेला जुना पार्ट मला परत हवा. पहिल्यांदा हे ऐकून दुसऱ्या एका दुकानदाराचा चेहरा पडला, तेव्हा मशीन उचलून तशीच घरी आले.

त्या मालकाकडे मी खोकं घेऊनच गेले. आधी म्हणाला, सेम कंपनीचा बोर्ड आहे, नंबर सेम असू शकतो. मग म्हणाला, पोराने चूक केली. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दोन दिवसांनी पुन्हा जाऊन तिचा नंबर, यूपीआयचा इतिहास आणि दोन्ही स्टिकरांचे फोटो त्याच्या काउंटरवर ठेवले. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही, हे मी घरून पाठ करून गेले होते. दुकानात तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्याने मला आतल्या खोलीत बसायला बोलावलं. मी म्हटलं, इथेच बरी आहे.

४,००० रुपये तिथल्या तिथे परत आले. रॅमही टेबलाच्या खणातून निघाली, “स्टाफकडून राहून गेली असेल.” घरी येऊन पाहिलं तर कंपनी वेगळी आणि चार जीबीची. बाकीचे पैसे पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला होता, त्याला आता सहा आठवडे झाले. आयोगाचा अर्ज भरून ठेवलाय, सोबत जोडायच्या फोटोंमध्ये त्या चार जीबीच्या रॅमचाही एक आहे.